बेगमपुरा (जातविरोधी विचारातली समतेची नगरी)

बेगमपुरा म्हणजे संत रविदासांनी एका पदात रंगवलेलं, दुःख नसलेलं शहर. औरंगाबादला बीबी का मकबऱ्याजवळचा आपला बेगमपुरा वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

रविदास बनारसचे, चामड्याचं काम करणारे. त्यांच्या पदात स्वर्गबिर्ग नाही, रोखठोक मामला आहे, खिराज म्हणजे टॅक्स भरायचं टेन्शन नाही, दुय्यम-तिय्यम कुणी नाही, वाटेल तिथं फिरा कुणी अडवणार नाही, आणि जो या शहरात राहतो तो आपला दोस्त. आता यात फिरण्याचं एवढं काय, असं ज्याला वाटतं त्याला गावात कुणी कुठल्या रस्त्यानं जायचं नाही हे कधी सांगितलेलं नसतं. हे पद गुरू ग्रंथ साहिबात आहे, म्हणजे नांदेडला ज्या ग्रंथापुढं माथा टेकतात त्यातच, आणि त्यातच हिंगोलीकडच्या नरसीचे मानले जाणारे नामदेव पण आहेत, 61 पदं.

लातूर-उमरग्याहून जवळ असलेल्या बसवकल्याणला रविदासांच्याही आधी, 12व्या शतकात बसवण्णांच्या शरणांनी म्हणजे अनुयायांनी हाच विषय लग्नापर्यंत नेला. परंपरा सांगते की ब्राह्मणाची पोरगी आणि चांभाराचा पोरगा असं लग्न लागलं आणि दोन्ही बापांना राजानं मारलं. फुल्यांनी तर अख्खं घरच मांडलं, बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, पोरगी मुसलमान, पोरगा सत्यधर्मी आणि सगळे गुण्यागोविंदानं एकत्र (सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक, 1891, त्यांच्या मृत्यूनंतर छापलं). बाबासाहेबांनी 1936 च्या, लाहोरला न झालेल्या पण छापलेल्या भाषणात स्वातंत्र्य, समता, बंधुता हा आदर्श समाज सांगितला आणि जातीवर खरा इलाज म्हणून आंतरजातीय लग्नच सांगितलं, म्हणजे फिरून बसवकल्याणच.

मराठवाड्यात या कल्पनेला जमिनीवर जागा मिळाली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1950 ला औरंगाबादला काढलेल्या कॉलेजात, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय. निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या भागात दलितांची कॉलेजात शिकणारी पहिली पिढी बरीचशी इथूनच निघाली. पण मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव 1978 ला विधिमंडळात झाला आणि खेड्यापाड्यात दलितांची घरं जाळली गेली, नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडलं. जमिनीचं गाडं त्याहून मागं, भूमिहीनांचे सत्याग्रह 1959 आणि 1964 ला झाले तरी गायरान कसणाऱ्या कितीतरी घरांच्या नावावर अजून सातबारा नाही.