१९२७ची तबकडी वाजते, १९८०ची टेप का अडकते?

अस्सल गाणं काळाच्या ओघात आपोआप टिकतं, असं संगीतप्रेमी मंडळी नेहमी म्हणतात. अमेरिकेतलं रूट्स म्युझिक, म्हणजे अ‍ॅपलेशियन डोंगराळ मुलखातली लोकगीतं, ब्लूज, गॉस्पेल, जुनं कंट्री, यांच्याबद्दल तर हे हमखास ऐकू येतं. ऐकायला छान वाटतं, पण ते खरं नाही. विस्कॉन्सिनमधल्या पॅरामाउंट कंपनीने १९२९ पासून चार्ली पॅटन या थोर ब्लूज गायकाचं ध्वनिमुद्रण केलं. पुढे कंपनीचा कारभार आटोपला आणि तिचे बहुतेक धातूचे साचे भंगारात गेले. आज पॅटन ऐकायचा तर हाती उरलेल्या झिजक्या तबकड्यांवरून, खरखरीतूनच ऐकावा लागतो. त्याच काळातली कार्टर फॅमिली ही कंट्री गाणारी घरगुती मंडळी कितीतरी स्वच्छ ऐकू येते. पॅटन काही कमी अस्सल नव्हता. फरक होता तो तांब्याचा.

कार्टर फॅमिलीची पहिली गाणी १ आणि २ ऑगस्ट १९२७ रोजी ब्रिस्टलमध्ये मुद्रित झाली. टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांची सीमा या गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते. व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीअरने टोप्यांच्या एका जुन्या इमारतीत तात्पुरता स्टुडिओ थाटला होता. मायक्रोफोन नवा, विजेवर चालणारा. पण तबकडी फिरवायला मोटर नव्हती. दोरीला टांगलेलं वजन संथपणे खाली उतरे आणि त्याच्या जोरावर मेणाची जाड तबकडी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या बेताने फिरे. वजनाची गती मोटरपेक्षा एकसारखी, म्हणून सूर डगमगत नसे.

मेणात कोरलेली खाच एकदा सुईखाली वाजवली की बिघडते. म्हणून ती वाजवायचीच नाही. मेणावर वीजवाहक पूड फासायची, विद्युत्-विलेपनाने तिच्यावर तांब्याचा थर चढवायचा आणि तो सोलून काढायचा. हा झाला उलटा ठसा: खाचेच्या जागी उंचवटा. त्यावरून पुन्हा विलेपन करून सुलटा ठसा, म्हणजे 'मदर'. मदरवरून पुन्हा उलटा 'स्टँपर'. हजारो तबकड्या दाबून झिजतो तो स्टँपर. मूळ धातू तसाच राहतो. मेण मात्र पुन्हा तासून दुसऱ्या गाण्यासाठी वापरलं जाई. रूट्स म्युझिकचा जो भाग आज नीट ऐकू येतो, त्यातला बराचसा अशा धातूच्या साच्यांमुळे वाचला आहे.

बाजारात विकली जाणारी तबकडी मात्र लाखेची. पळस, कुसुम, बोर या झाडांवर पोसणाऱ्या कीटकांचा हा स्राव जगाला प्रामुख्याने भारतच पुरवत असे. टेनेसीतल्या शेतकऱ्याच्या फोनोग्राफवर फिरणाऱ्या तबकडीत आपल्याकडच्या जंगलातली लाख होती. लाखेचं प्रमाण थोडं, बाकी दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू. दगडाच्या पुडीमुळे ती कठीण होते, झिजही सोसते. पण पडली की फुटते. कोरड्या जागी उभी ठेवली तर शंभर वर्षं सहज टिकते. घरात जुन्या नाट्यगीतांच्या अशा तबकड्या असतील तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एकदा पुसलं की खाचेतलं गाणं गेलंच.

१९५२मध्ये हॅरी स्मिथ या संग्राहकाने अशा तबकड्यांमधली ८४ ध्वनिमुद्रणं निवडून लाँग-प्ले संचात आणली आणि पुढच्या पिढीतल्या गायकांना ती सापडली. कार्टर फॅमिलीने १९३६मध्ये मुद्रित केलेलं 'नो डिप्रेशन' इलिनॉयमधल्या अंकल टुपेलो या बँडने १९९०मध्ये गायलं, पहिल्या अल्बमला तेच नाव दिलं, आणि ऑल्ट-कंट्री म्हणून ओळखला जाणारा प्रवाह पुष्कळदा याच अल्बमपासून मोजला जातो. गाणं ५४ वर्षं तगलं. पण या नव्या पिढीच्या वाट्याला आलेलं माध्यम, म्हणजे चुंबकीय टेप, लाखेपेक्षा नाजूक निघालं.

टेपवरचं चुंबकत्व हळूहळू उडून जातं, असा सार्वत्रिक समज आहे. तसं होत नाही. टेपवरचे आयर्न ऑक्साईडचे सुईसारखे कण आपलं चुंबकत्व सोडायला सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान मागतात. चुंबकावर शंका घ्यायचं कारणच नाही. दगा देतो तो गोंद.

स्टुडिओतली टेप साधारण ५० मायक्रॉन जाडीची असते. मधे पॉलिएस्टरची पट्टी, एका बाजूला ऑक्साईडचा थर, आणि सत्तरच्या दशकापासून दुसऱ्या बाजूला काजळीयुक्त काळा लेप, ज्याने रीळ नीट गुंडाळलं जावं आणि स्थितिक वीज साचू नये. ऑक्साईडचे कण पट्टीला धरून ठेवतो तो बाइंडर, पॉलियुरेथेन जातीचा. त्याच्या लांबलचक साखळ्यांमध्ये जागोजागी एस्टर बंध असतात. हवेतल्या बाष्पाचा रेणू या बंधावर आदळला की बंध तुटतो. एका टोकाला आम्ल उरतं, दुसऱ्या टोकाला अल्कोहोल. शाळेत शिकलेली एस्टर तयार होण्याची अभिक्रिया आठवा, तीच इथे उलट्या दिशेने चालते. आणि तयार झालेलं आम्ल पुढच्या बंधाच्या तुटण्याला उत्प्रेरक ठरतं, त्यामुळे वेग वाढत जातो. साखळ्या आखूड झाल्या की घट्ट बाइंडर मऊ, चिकट होतो. अमेरिकन स्टुडिओंमध्ये त्या काळी सर्रास वापरली जाणारी अ‍ॅम्पेक्स ४५६ ही या रोगाची सर्वांत प्रसिद्ध रुग्ण. टेप यंत्रावर चढवली की किंचाळते, टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवर तपकिरी राळ साचते, शेवटी चाक अडतं.

आता राळ साचल्याने नेमकं काय बिघडतं ते पाहू, कारण इथलं गणित फार सुंदर आहे. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावत असेल, तर १५,००० हर्ट्झच्या सुराची टेपवरची तरंगलांबी ३८ सेंमी भागिले १५,०००, म्हणजे सुमारे २५ मायक्रॉन. १,००० हर्ट्झच्या सुराची ३८० मायक्रॉन. हेड आणि टेप यांच्यात फट पडली तर एका तरंगलांबीएवढ्या फटीमागे सुमारे ५५ डेसिबल इतकी हानी होते. राळेचा थर अडीच मायक्रॉनचा धरा, केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढा. १५,००० हर्ट्झसाठी ती तरंगलांबीच्या दहावा हिस्सा, म्हणून साडेपाच डेसिबल गेले. १,००० हर्ट्झसाठी जेमतेम ०.३६ डेसिबल, कानाला कळणारही नाही. म्हणून गायकाचा आवाज बराचसा शाबूत राहतो आणि बँजोच्या तारेवरच्या नखीचा टणत्कार, फिडलच्या गजाची खरखर, पेडल स्टील गिटारचे वरचे स्वर आधी नाहीसे होतात. या संगीताची ओळख नेमकी त्यातच असते.

उपाय विचित्र वाटेल, पण अनुभवसिद्ध आहे: टेप भाजायची. तापमान ५० ते ५४ अंश, पाव इंची टेपला आठ तासांच्या आसपास, दोन इंची बहुमार्गी टेपला त्याच्या दुप्पट किंवा अधिक. प्रयोगशाळेतला इनक्युबेटर उत्तम. फळं वाळवायचं पंख्याचं यंत्रही चालतं, पण आत स्वतंत्र तापमापक हवाच. स्वयंपाकघरातला ओव्हन नको, त्याचं तापमान दहा-वीस अंशांनी वरखाली होतं. मायक्रोवेव्ह तर मुळीच नको. चिकटलेली टेप आधी गुंडाळून बघू नका. ओढताना ऑक्साईड सोलून निघतं आणि त्याबरोबर गाणंही. आहे तशीच ठेवा, रिळाच्या दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या चकत्या काढून ठेवा, दर तासाला रीळ उलटं करा. नंतर यंत्र बंद करून आतच निवू द्या आणि जितका वेळ भाजली तितका वेळ थांबा. उष्णतेने बाष्प निघून जातं आणि बाइंडर तात्पुरता कडक होतो. तुटलेल्या सगळ्या साखळ्या जुळत नाहीत, म्हणून ही सवलत काही आठवड्यांचीच. तेवढ्यात प्रत काढून घ्यायची. टेपचे तुकडे जोडणाऱ्या जोडपट्ट्यांचा गोंद उष्णतेने सुटतो, तेव्हा नवी जोडपट्टी हाताशी ठेवा.

भाजण्याआधी मात्र रीळ दिव्यासमोर धरा. कडेने उजेड आरपार दिसला तर ती जुनी अ‍ॅसिटेटची टेप आहे. ती भाजली की वाकडी होते आणि कायमची जाते. तिचा रोग वेगळा, व्हिनेगरसारख्या वासावरून ओळखू येतो, आणि त्याला थंडावा मानवतो.

घरातल्या कॅसेटही भाजायच्या नसतात. चिकटपणाचा हा रोग बहुधा काळा लेप असलेल्या टेपना जडतो; बहुतेक कॅसेटना तो लेप नसतो, आणि त्यांचं दुखणं बहुधा निराळंच असतं: हेडसमोर टेप दाबून धरणारी लोकराची छोटी गादी गोंद सुटून पडते, मग आवाज घुसमटतो. फीत चांगल्या कवचात हलवली की काम होतं. कोकणासारख्या दमट हवेत बुरशी हा खरा शत्रू. पांढरे ठिपके दिसले तर ती कॅसेट चालू यंत्रात घालू नका, बीजं पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरतील.

सीडी आणि व्हिनाईल तबकड्या 'डीमॅग्नेटाईझ' करून आवाज खुलवणारी महागडी यंत्रं विकली जातात. व्हिनाईल आणि सीडीचं पॉलिकार्बोनेट चुंबकीय नाहीतच. जिथे चुंबकत्व नाही तिथून काढणार काय? तेवढ्या पैशात दोन हार्ड डिस्क येतात.

आणि त्या लागतातच. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाने स्टिरिओ टेपचा एक तास सुमारे २ गिगाबाइट होतो, चोवीस ट्रॅकचा तास २५ गिगाबाइट. डिस्कही यंत्रच आहे, कपाटात बंद राहिली की कधी सुरूच होत नाही. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. दरवर्षी चालवून पाहायच्या आणि चेकसम, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांवरून काढलेली खूण, जुळतो का ते तपासायचं. मूळ रीळ प्रत काढल्यावरही फेकू नका. ते शेवटापर्यंत वाजवून तसंच, म्हणजे शेवट बाहेर राहील असं, ठेवा; शेजारच्या वेढ्याचा पुसट चुंबकीय ठसा मग मूळ आवाजाच्या आधी नव्हे, मागाहून ऐकू येतो आणि त्याच्याखाली झाकला जातो. डब्यावर तारीख, वेग आणि टेपचा क्रमांक पेन्सिलीने लिहा.