दारूच्या वासाआड लपलेला मार

शनिवारी रात्री अकरानंतर नाशिकमधल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत थोडा वेळ थांबून पाहा. अंबड-सातपूरकडून, मुंबई-आग्रा महामार्गावरून जखमी येत राहतात. स्ट्रेचरवर एक तरुण, भुवईवर खोक, शर्टाला उलटीचे डाग. सोबतचा मित्र हळूच म्हणतो, "काही नाही डॉक्टर, जरा जास्त झालीय. झोपला की उतरेल."

या समजुतीने माणसं दगावतात. जड जीभ, गेलेला तोल, उलटी, गुंगी ही नशेची लक्षणं, आणि डोक्याला मार लागल्याचीही हीच!

दारू मेंदूतल्या गाबा या ब्रेक लावणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा कमी करते. तोल सांभाळणारा लहान मेंदू मंदावतो. शुद्धीतला माणूस पडताना हात पुढे टाकतो. प्यायलेल्याचे हात उशिरा येतात, तोवर डोकं आपटलेलं असतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांचा धोका आणखी वेगळा. त्यांचा मेंदू आकसलेला असतो, त्यावरच्या शिरा ताणलेल्या असतात. किरकोळ धक्क्यानेही त्या तुटतात, आणि यकृत बिघडलेलं असेल तर रक्त लवकर गोठतही नाही. ते कवटीखाली हळूहळू साचत जातं.

रक्तातली दारू दर 100 मिलीलीटरमागे तासाला साधारण 15 ते 20 मिलीग्रॅमने उतरते. म्हणजे तासागणिक माणूस भानावर यायला हवा. उलट गुंगी वाढली, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली, एका बाजूचा हात ढिला पडला, तर तो दारूचा परिणाम समजू नये. पण घरी बसून ही लक्षणं दिसायची वाट पाहू नका. प्यायलेल्याच्या डोक्याला लागलं असेल तर तडक दवाखाना गाठा. वाटेत त्याला कुशीवर ठेवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.

पोलीस केस होईल, विमा अडकेल, या भीतीने नातेवाईक दारूचं नाव काढत नाहीत. ही भीती मला कळते. तरीही डॉक्टरांना खरं सांगाच: किती घेतली, कधी घेतली, रोज घेतो का. भूल आणि गुंगीची औषधं दारूसोबत श्वास मंदावू शकतात. आणि पाय मोडून दाखल झालेला रोजचा पिणारा दोन-तीन दिवसांनी थरथरू लागतो, घामाघूम होतो, खोलीत नसलेली माणसं त्याला दिसू लागतात. दारू अचानक तुटल्याने हे होतं, जिवावरही बेततं. आधी ठाऊक असेल तर त्यावरचं औषध वेळेत सुरू करता येतं.