निफोओती
निफोओती : सामोआ द्वीपसमूहातील आकडेदार पात्याचे पारंपरिक शस्त्र. लांबट पाते, त्याच्या टोकाशी वळलेला आकडा आणि हातात फिरवता येईल अशी मूठ ही त्याची ठेवण. पूर्णपणे लाकडी नमुनेही आढळतात. त्यांची एक कड पुष्कळदा दातेरी असते.

यूरोपीय संपर्कापूर्वी सामोआत धातुकाम नव्हते. युद्धात सोटे, भाले व गोफणी वापरीत. सोटे ‘तोआ’ म्हणजे सुरूच्या (कोकण किनाऱ्यावरही लावला जाणारा वृक्ष) किंवा तत्सम कठीण लाकडाचे असत. 1787 मध्ये तुतुईला बेटावर आसू येथे ला पेरूझ या फ्रेंच दर्यावर्दीच्या मोहिमेतील कप्तान द लांगल व अकरा जण मारले गेले, तेही मुख्यतः दगड व सोट्यांनी. ‘तालावालू’ हा दातेरी सोटा याच परंपरेतला. सोट्यांचे काही घाट फिजी व टाँगाशी मिळतेजुळते असून या तीन द्वीपसमूहांतील देवघेव फार जुनी आहे. त्यामुळे कोणता घाट मुळात कोठला, हे ठरविणे अवघड जाते.

निफोओतीच्या आकड्याच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो देवमाशाची चरबी कापण्याच्या, व्हेल-शिकारी जहाजांवरील सुऱ्यांवरून आला. दुसऱ्या मतानुसार मळ्यांसाठी आयात झालेला आकडेदार कोयता हे त्याचे मूळ होय. गोडेफ्रॉय या हँबर्गच्या पेढीने 1857 च्या सुमारास आपिया या सामोआतील बंदरात ठाणे उघडल्यानंतर लोखंडी अवजारांचा पुरवठा वाढला, हे दुसऱ्या मताला पोषक ठरते. मात्र इंग्रजीत रूढ झालेल्या ‘ऊसतोडीचा कोयता’ या वर्णनाने दिशाभूल होते : सामोआत मोठे मळे प्रामुख्याने नारळाचे होते, तर ऊस घर शाकारण्याच्या पानांसाठीही लावीत. दातेरी सोट्याची देशी घडण आयात पात्यावर बसविली गेली आणि हे बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आकडा शत्रूचे शिर अडकवून नेण्यासाठी होता, असे पर्यटकांना हमखास सांगतात. त्या शतकातील यादवी युद्धांत शिरे कापून नेत, हे खरे. पण तेवढ्याने आकड्याचा उपयोग सिद्ध होत नाही.

‘ताआलोलो’ या भेट अर्पण करण्याच्या समारंभात मिरवणुकीच्या अग्रभागी असलेली ‘ताउपोउ’ (ग्रामप्रमुखाची मानाची कन्या) किंवा ‘मानाइआ’ (त्याचा पुत्र) हे शस्त्र फिरवितात. या फिरविण्यास ‘आइलाओ’ म्हणतात. लेतुली ओलो मिसिलागी (फ्रेडी लेतुली) यांनी 1946 मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे त्यास अग्नीची जोड दिली. आग खाणाऱ्या एका हिंदू कलावंताला पाहून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. 1993 पासून हवाईतील लाइए येथे या अग्निखेळाची जागतिक स्पर्धा भरते.