शेजाऱ्यांची भिशी आणि डॉलरचा छापखाना

चाळीतल्या दहा जणींनी भिशी लावली. एकीचा नवरा आजारी पडला, तर बाकीच्या तिचा नंबर आधी लावतात आणि वेळ निभावून जाते. पण दहाही घरं एकाच गिरणीच्या पगारावर चालत असली आणि गिरणीलाच टाळं लागलं, तर? त्या महिन्यात भिशी उचलायला दहाही जणी हजर, भरायला एकही नाही.

विम्याचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. संकटं वेगवेगळ्या वेळी यायला हवीत. ती एकमेकांत गुंतलेली असली, की त्याला सहसंबंधित जोखीम म्हणतात, आणि अशी जोखीम शेजाऱ्यांत वाटून हलकी होत नाही.

थायलंडमध्ये १९९७ साली हेच घडलं. एका डॉलरला साधारण २५ बाट हा भाव वर्षानुवर्षं जवळपास स्थिर होता. त्या भरवशावर तिथल्या वित्तसंस्थांनी स्वस्त व्याजाने डॉलर उचलले आणि बँकॉकच्या इमारतींत ओतले. २ जुलैला सरकारने बाटचा भाव धरून ठेवणं सोडून दिलं. पुढच्या जानेवारीत भाव ५६ पर्यंत गेला. दहा लाख डॉलरचं कर्ज अडीच कोटी बाटचं होतं, ते साडेपाच कोटींच्या वर गेलं. कर्जदाराने नवा पैसाही घेतला नव्हता! परदेशी बँका घाबरल्या आणि त्यांनी शेजारच्या देशांतलीही कर्जं परत मागायला सुरुवात केली. इंडोनेशिया आणि दक्षिण कोरिया असे ओढले गेले.

अशा वेळी अडचणीतल्या देशांना कर्ज देणारी, पैशाच्या बाबतीत जागतिक सरकाराच्या सगळ्यात जवळ जाणारी संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. पण तिथे एक देश, एक मत असा हिशेब नाही. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून जास्त आहेत. निधीने या देशांना पैसे दिले, सोबत अटीही घातल्या. १५ जानेवारी १९९८ चा जकार्तातला फोटो आशियात अजून कोणी विसरलेलं नाही. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो वाकून सही करताहेत आणि निधीचे प्रमुख मिशेल कामदेस्यू हाताची घडी घालून शेजारी उभे आहेत. अटींपेक्षा ती हाताची घडीच जास्त झोंबली असावी.

कोरियात त्याच सुमारास लोक रांगा लावून सोनं देत होते. लग्नाच्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला मिळालेल्या इवल्याशा अंगठ्या, असं करत सुमारे २२७ टन सोनं जमलं. (आपल्याकडे १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोनं गहाण टाकलं होतं, पण ते तिजोरीतलं होतं, बोटातलं नव्हे.) एवढं करून त्याची किंमत भरली सुमारे २ अब्ज डॉलर. निधीने मंजूर केलेलं कर्ज होतं २१ अब्जांचं.

जपानने सप्टेंबर १९९७ मध्येच १०० अब्ज डॉलरच्या आशियाई नाणेनिधीची कल्पना मांडली होती. अमेरिकेने विरोध केला, चीनने उत्साह दाखवला नाही, विषय बारगळला. मग मे २०००मध्ये थायलंडमधल्या चिआंग माई इथे आग्नेय आशियातल्या देशांनी चीन, जपान, कोरियासोबत चलन अदलाबदलीचे करार करायचं ठरवलं, म्हणजे अडचणीत आपलं चलन ठेवून शेजाऱ्याकडून डॉलर घ्यायचे. त्यात एक गमतीदार कलम होतं. ठरलेल्या रकमेतले फक्त १० टक्के सहज मिळणार. उरलेल्यासाठी आधी नाणेनिधीचा कार्यक्रम स्वीकारायचा. ज्याच्या दारात जायचं नाही म्हणून भिशी काढली, त्याचीच चिठ्ठी आणायची! मला यात दांभिकपणा दिसत नाही. शेजाऱ्याकडे वसुलीला जाणं अवघड असतं. तो वाईटपणा परक्याने घेतलेला बरा.

खरी परीक्षा २००८ मध्ये आली. अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक बुडाली, डॉलर आटले, कोरियाचा वॉन कोसळू लागला. नाणेनिधीचं नाव काढायची सोलमध्ये कोणाची तयारी नव्हती आणि चिआंग माईचे पैसेही कोणी मागितले नाहीत. २९ ऑक्टोबरला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, कोरियासाठी ३० अब्ज डॉलरची खिडकी उघडली. वॉन ठेवा, डॉलर न्या, ठरलेल्या दिवशी त्याच भावाने परत करा. दुसऱ्याच दिवशी वॉन सावरला. डॉलर जिथे तयार होतात, तिथे गिरणी बंद पडायची भीती नसते. अशी सोय एकूण १४ मध्यवर्ती बँकांना मिळाली. कोणाला द्यायची, हे फेडनेच ठरवलं. जगाने त्यासाठी कुठे मतदान केलं नव्हतं. त्या यादीत भारत नव्हता.

चिआंग माईची भिशी पुढे वाढत २४० अब्ज डॉलरवर गेली. नाणेनिधीशिवाय उचलता येणारा वाटाही १० वरून ४० टक्क्यांवर आला. तिच्यातून आजवर कोणी एक डॉलरही उचललेला नाही.