दोन मिलिमीटरच्या आतला दमा

पंप रोज ओढला जातो, ओढायची पद्धत बरोबर आहे, स्पायरोमेट्रीचा, म्हणजे जोरात फुंकायच्या तपासणीचा, रिपोर्टही नॉर्मल. तरी पहाटे छाती भरतेच. अशा वेळी डॉक्टर स्टेरॉइडच्या जोडीला आणखी एखादं औषध देतात, तेव्हा संशयितांच्या यादीत दोन मिलिमीटरपेक्षा बारीक श्वासनलिकाही असतात. या नलिकांवर बोट ठेवायला बरीच वर्षं गेली.

शरीररचनातज्ज्ञ एवाल्ड वायबेल यांनी 1963 साली श्वासमार्गाची मोजदाद मांडली: मुख्य नलिकेपासून वायुकोशांपर्यंत 23 वेळा फाटे फुटतात. पुढे 1967 मध्ये पीटर मॅकलेम आणि जेरी मीड या संशोधकांनी कुत्र्यांच्या फुफ्फुसांत बारीक कॅथेटर बसवून हवेला कुठे किती अडथळा होतो ते मोजलं. बारीक नलिकांचा वाटा निघाला जेमतेम दहावा. एकेक नळी चिंचोळी खरी, पण त्यांची संख्याच इतकी की पाटाचं पाणी असंख्य सऱ्यांत पसरावं तशी हवा सहज वाटली जाते. म्हणूनच यातल्या कितीतरी नळ्या सुजल्या, चिकटल्या तरी जोरात फुंकायच्या तपासणीत आकडा फारसा हलत नाही. मीड यांनी 1970 मध्ये या भागाला फुफ्फुसाचा ‘मूक प्रदेश’ म्हटलं.

मुळात ‘जोडीचं औषध’ ही कल्पना रुजली ती वेगळ्याच कारणाने. स्टेरॉइडचा डोस अडीचपट करण्यापेक्षा आहे त्या डोसला श्वासनलिका सैल करणाऱ्या साल्मेटेरॉलची जोड दिलेली बरी, असं 1994 च्या एका चाचणीत दिसलं. तेव्हा बारीक नलिकांचा विचार कुणाच्या मनात नव्हता. जोडीचंच दुसरं औषध, 1998 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली माँटेल्युकास्टची गोळी, रक्तातून जाते, त्यामुळे फवारा पोचत नाही तिथेही पोचते. पण मनःस्थितीवरील परिणामांमुळे 2020 मध्ये तिथल्या औषध नियामकाने तिच्यावर ठळक इशारा छापायला लावला.

खरी कलाटणी मात्र ओझोनच्या थराने दिली! 1987 च्या माँट्रियल करारामुळे पंपातून औषध बाहेर ढकलणारा, ओझोनला घातक असा जुना सीएफसी वायू बदलावा लागला. बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडच्या नव्या द्रावणातले कण साडेतीन मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक मायक्रॉनच्या आसपास आले, घशावर आपटायचे ते खोल उतरू लागले आणि जुन्याच्या निम्म्या डोसात काम भागू लागलं. जुना फवारा घशाच्या मागे थंडगार आदळायचा. नवा मऊ, कोमट. काहींना वाटलं, पंपात औषधच नाही.

2019 मध्ये नऊ देशांतल्या 773 दमेकऱ्यांच्या अभ्यासात बारीक नलिकांचा बिघाड सौम्य दम्यातही सापडला. तरीही नव्या औषधाची परीक्षा बहुधा पहिल्या सेकंदात बाहेर फुंकलेल्या हवेच्या आकड्यावरच होते. म्हणजे मूक प्रदेशासाठीचं औषध त्या प्रदेशाचं नीट ऐकू न येणाऱ्या यंत्राने जोखायचं. मला हे विचित्र वाटतं.

बारीक नलिकांचा अडथळा टिपू पाहणारी दुसरी तपासणी म्हणजे ऑसिलोमेट्री. तिच्यात फुंकावं लागत नाही. गाल हातांनी धरून शांतपणे श्वास घेत राहायचं, यंत्र हवेच्या बारीक लहरी आत सोडतं. ही पद्धत 1956 ची. दाबून फवारा मारायचा पहिला पंपही त्याच वर्षी बाजारात आला. पंप खिशाखिशात पोचला. लहरींचं यंत्र कित्येक दशकं प्रयोगशाळेतच राहिलं.