उकळणारा दगड आणि कोरडा वायू

सातारा परिसरात विहिरीसाठी सुरुंग लावला, की वर काढलेल्या काळ्या पाषाणाच्या ढिगाऱ्यात कधी कधी मोत्यासारखी झाक असलेले पांढरे स्फटिक चमकतात. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत हे खनिज पुढे साचत गेले. त्यातलेच एक स्टिल्बाइट. त्याचा तुकडा परीक्षानळीत तापवला, तर नळीच्या वरच्या थंड काचेवर पाण्याचे थेंब जमतात. स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ अ‍ॅक्सेल क्रॉनस्टेट यांनी १७५६ मध्ये असेच पाणी सुटताना पाहून या वर्गाला ‘झिओलाइट’, म्हणजे ग्रीकमध्ये उकळणारा दगड, असे नाव दिले. याच कुळातला, पण कारखान्यात घडवलेला पदार्थ आज नैसर्गिक वायू कोरडा करतो.

भूगर्भातून निघणारा वायू बाष्पाने भरलेला असतो. दाबाखालच्या वाहिनीत हे पाणी मिथेनला कवटाळून शून्य अंशाच्या वरही बर्फासारखे घट्ट हायड्रेट बनवते आणि वाहिनी तुंबते. सोबत कार्बन डायऑक्साइड असेल, तर आम्ल तयार होऊन पोलाद आतून गंजते.

साध्या वाहिनीसाठी ट्रायएथिलीन ग्लायकॉल पुरते. उंच मनोऱ्यात वायू खालून वर चढतो, हा दाटसर द्रव वरून उतरताना बाष्प शोषतो, आणि मग सुमारे २०० अंशांना तापवून त्यातले पाणी उडवले, की तोच द्रव पुन्हा कामाला येतो. मात्र वायूचा द्रव करायचा, तर तो उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावा लागतो आणि तिथे पाण्याचा लवलेशही चालत नाही. सह्याद्रीपलीकडे दाभोळला जहाजाने येणारा द्रवरूप वायू म्हणूनच मूळ देशातच कोरडा करून घेतलेला असतो, आणि ते काम झिओलाइटचे.

या झिओलाइटला ‘रेणू-चाळणी’ म्हणतात. मला हे नाव अर्धेच खरे वाटते. नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची छिद्रे सुमारे ०.४ नॅनोमीटरची असतात, त्यामुळे मोठे रेणू बाहेर राहतात हे खरे, पण ०.३८ नॅनोमीटरचा मिथेन त्यातून जेमतेम शिरू शकतो. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण, तर दुसरी किंचित धन असते, म्हणून आतले सोडियमचे आयन त्याला घट्ट धरतात आणि मिथेनला जागा सोडावी लागते. ही पकड सैल करायला ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता लागते: एक मनोरा वायू सुकवत असताना दुसऱ्यातून २५० ते ३०० अंशांचा कोरडा वायू सोडतात, आणि क्रॉनस्टेट यांनी पाहिलेली वाफ तिथे रोज निघत राहते.