पोर्ट आणि ड्राय रेड: रंग एकच, जात वेगळी

कोल्हापुरात वाइनचं नाव काढलं की नाक मुरडणारी मंडळी दोन प्रकारची भेटतात. एकाने गोव्याहून येताना पोर्टची बाटली आणलेली असते. त्याचं म्हणणं, "गोड्डमिट्ट, वाइन आपल्या कामाची नाही." दुसऱ्याने कुणाच्या तरी पार्टीत ड्राय रेड, म्हणजे गोड नसलेली लाल वाइन, चाखलेली असते. त्याचं म्हणणं, "तुरट लागते, पैसे वाया." प्यायले दोघं वेगवेगळं, निकाल मात्र दोघांनी अख्ख्या वाइनवर दिला. दुकानात या बाटल्या बऱ्याचदा एकाच फळीवर असतात, रंगही तोच. नुसतं "एक रेड वाइन द्या" म्हटलं तर हातात काय पडेल याचा नेम नाही. कमी पैशात रोजच्या जेवणासोबत घ्यायची बरी वाइन शोधायची असेल, तर आधी हा घोळ निस्तरायला हवा.

फरक साखरेचा आहे. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. ड्राय वाइनमध्ये हे काम जवळजवळ शेवटपर्यंत जाऊ देतात. लिटरमागे साधारण 4 ग्रॅमपर्यंतच साखर उरते आणि अल्कोहोल बहुधा 12 ते 14 टक्के असतं. पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातल्या अस्सल पोर्टची रीत उलटी. आंबवणं सुरू होऊन दोन-तीन दिवस होतात, बरीच साखर अजून शिल्लक असते, तेवढ्यात त्यात सुमारे 77 टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, गोडी जागच्या जागी राहते आणि अल्कोहोल 19 ते 22 टक्क्यांवर जातं.

आपल्याकडे पोर्ट म्हणून मिळणारी स्वस्त बाटली या पोर्टची नावापुरतीच नातेवाईक आहे. ती बऱ्याचदा बंगळूर ब्ल्यूसारख्या, खायच्या आणि ज्यूसच्या द्राक्षांपासून बनते आणि तिला गोड केलेलं असतं. लेबलवरचा अल्कोहोलचा आकडा बघा, डोरूच्या पोर्टपेक्षा तो बराच खाली असतो. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. जेवणानंतर गार करून छोटा ग्लास घेतला तर छान लागते. पण जेवणभर ती सोबत करू शकत नाही. दुसऱ्या घोटालाच गोडीने तोंड भरून जातं आणि भाकरीची, मटणाची चव मागे पडते. रोजची वाइन म्हणून मी तरी ती सुचवणार नाही, कितीही स्वस्त असली तरी.

ड्राय रेडचा तुरटपणा हा बिघाड नव्हे. तो द्राक्षाच्या साली-बियांतल्या टॅनिनचा असतो. जास्त उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ आखडते ना, तेच. तोंडात मांसातली चरबी आणि प्रथिनं असली की हा तुरटपणा मऊ लागतो, म्हणून ड्राय रेड नुसती पिऊन तिची पारख करू नये. कॅबर्ने सॉव्हिन्यॉं आणि शिराझ ही रेड वाइनच्या द्राक्षांची नावं, वाइनही त्याच नावाने विकली जाते. नवख्याने कॅबर्नेपेक्षा शिराझपासून सुरुवात केलेली बरी. ती सहसा जास्त रसाळ लागते आणि थोडी मिऱ्याच्या अंगाने जाते. कमी तिखटाचं सुकं मटण असेल तर झकास.

तांबड्या रश्शाची गोष्ट मात्र वेगळी. तिखटाने पेटलेल्या जिभेवर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही आणखी जाळ करतात. इथे ड्राय रेडचा हट्ट धरू नका आणि गोड हवं म्हणून पोर्टकडेही वळू नका. शेनिन ब्लां नावाची किंचित गोडसर पांढरी वाइन घ्या, फ्रिजमध्ये चांगली गार केलेली. तिची हलकी गोडी तिखट आवरते आणि आंबटपणा तोंड पुन्हा ताजं करतो. नारळाचं दूध, काजू, खसखस घातलेल्या पांढऱ्या रश्शाबरोबर तर ती आणखी जमते. आपल्या तांबड्या-पांढऱ्याला हिच्याइतकी साजेशी आणि खिशाला झेपणारी वाइन मला दुसरी दिसत नाही.

पैशाचं म्हणाल तर देशी बाटलीच घ्या. आयात वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क होतं. त्यामुळे परदेशी लेबलच्या स्वस्त बाटलीत तुमच्या पैशातला मोठा वाटा वाइनला नाही, कराला जात आला आहे. याउलट महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं, राज्यातल्या वाइनला करात सवलती दिल्या आणि नाशिकचा धंदा उभा राहिला. आपल्याला आणखी जवळचं म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज. तिथे फ्रातेल्ली या वाइन कंपनीचे मळे आहेत, इटलीचं सांजोवेझे द्राक्ष तिथे पिकतं. हजाराच्या आत या दोन्ही भागांतल्या नीट बनवलेल्या ड्राय वाइन मिळतात.

बाटली हातात घेतली की लेबलवरचं साल, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष, बघा. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. साधी पांढरी वाइन दोन-तीन वर्षांच्या आतलीच घ्यावी, जुनी म्हणजे भारी हा हिशोब तिला लागू नाही. दुकानात दारापाशी उन्हात उभी असलेली बाटली, कितीही सवलत असली तरी, नको. आवडेल की नाही याची खात्री नसेल तर 375 मिलीची अर्धी बाटली मागा.

ड्राय रेडसुद्धा एप्रिल-मेमध्ये वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग ओता. ती 16 ते 18 अंशाला चांगली लागते आणि त्या दिवसांत आपल्या खोलीचं तापमान याच्या कितीतरी वर असतं. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्येच ठेवायची. पोर्ट साखरेच्या जोरावर जास्त दिवस तग धरते, ड्राय रेड तीन-चार दिवसांत संपवावी. त्यातूनही उरली तर मटण शिजवताना घाला, फक्त आंबटपणा धरून दही किंवा टोमॅटो कमी करा.